दुसऱ्यांचा बाजार, आपला तोडा

मंगळवार, ३० डिसेंबर. येळवस, वेळ अमावस्या.

रानात पूजेची कोप आपणच उभी केली. कडबा कमी, म्हणून बुटकीच झाली. पांडवांचे पाच दगड मांडले, चुना लावला. नैवेद्याला भज्जी, उंडे, आंबील. हे गेल्यापासूनची ही दुसरी येळवस. पहिला घास यांच्या समाधीपाशी ठेवला. बांधाच्या कडेला मिरचीचा शेवटचा वाफा, त्याला लागूनच समाधी. आंबिलीचा गडू सांडला. माती लगेच प्याली.

पाऊस नाही तरी माणसं आली. येळवशीला रानात आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. काशीबाईची टोळी पण आली. दरवर्षी आमच्या मिरचीचा तोडा ह्याच बाया करतात. मिरची लटलट लागलीय. आज काही तोडायचं नसतं, म्हणून म्हटलं, गुरुवारी या.

काशीबाई आंबील पिता पिता थांबली. "आक्का, औंदा न्हाई जमायचं. रस्त्याचं रोजगार हमीचं काम निघालंय."

जिल्हा नवा झाल्यापासून लातूरचा रस्ता रुंद करायचा म्हणत होते. काढला तो नेमका आत्ता.

गुरुवार, १ जानेवारी

कुणी नाही. एकटीनं तोडली. दुपारपर्यंत दीड वाफा. शिवार सगळं मोकळं. गडीमाणसं ऊसतोडीला गेली, राहिली ती लातुरात कचेऱ्यांच्या बांधकामावर. बाया रस्त्यावर.

हात जळजळतात. ताक चोळलं. पेन धरवत नाही.

शनिवार, ३ जानेवारी

भावजी येऊन गेले. रान अजून दोघा भावांच्या नावावर आहे, वाटणी कागदावर झालीच नाही. हे होते तोवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. भावजी ओसरीवर न बसता उभ्यानंच बोलले, म्हणजे घरून ठरवून आले होते.

"वैनी, बागायत पाडव्यापास्नं बटईनं देऊ. किल्लारीकडचा माणूस हाय. ऊस लावणार. ऊस लावला की कटकट मिटली. आठ-आठ दिसाला बायांच्या मिनत्या न्हाईत."

मी म्हटलं, पाणी कुठून? "बोअर मारू."

म्हटलं, समाधी?

"समाधी कोण काढायलंय? तिच्या भवती ऊस राहील."

वाईट माणूस नाहीत. पेरणीला बैल त्यांचेच येतात. हे आजारी पडले तेव्हा दवाखान्यात खाली फरशीवर भावजीच झोपत होते. पण उसात समाधी दिसणार नाही. कुठून जायचं, कळणार नाही.

शेवटी म्हणाले, "पाडव्यापर्यंत तोडा अडला न्हाई, तर मी मधी बोलणार न्हाई. अडला तर मग माझं ऐकायचं."

"हाव" म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

मंगळवार, ६ जानेवारी

रस्त्यावर गेले. रस्ता कुठला, दगडांचे ढीग नुसते. बाया ओळीनं खडी फोडत बसलेल्या, डोक्यावर पदर, डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्या. गिरजा, त्यातली सगळ्यात लहान आणि जिभेनं तिखट, मला बघून हातोडी खाली न ठेवताच म्हणाली, "आक्का, नाव लावायला आलाव का?"

सगळ्या हसल्या. मी पण.

काशीबाईला बाजूला घेतलं. ती सरळ बोलली. तोडा आठ दिवसाला एक. मधल्या दिवसांत आम्ही काय खावं? एक दिवस गैरहजर राहिलं तर मुकादम नाव खोडतो. हे काम पाऊस पडेस्तोवर चालेल, तुमची मिरची चालेल का?

गिरजा मागून, "आन् मिरचीनं हात रातभर जळत्यात. खडीनं नुसते फुटत्यात."

खरं आहे. तरी काशीबाईला दया आली असेल. उद्या कामावर जायच्या आधी उजाडता उजाडता येऊन थोडी तोडून देतो म्हणाली.

गुरुवार, ८ जानेवारी

आल्या होत्या काल. उजाडताना. हात भराभर चालले, पोती भरली. मला कळायला पाहिजे होतं. दव होतं. ओली मिरची पोत्यात गेली. आज लातुरात अडत्यानं पोतं सोडलं, वाफ आली. देठाकडून काळी पडलेली. अडत्या म्हणाला, बाई, ही जनावरांना पण घालू नका.

एस.टी.त परत येताना पुढच्या बाकावर एकजण पेपर वाचत होता. मागून जेवढं दिसलं तेवढं वाचलं. टंचाईबद्दल. त्यानं पान उलटलं.

बायांना सांगितलं नाही काळी पडल्याचं. त्यांनी झोप मोडून तोडली.

शनिवार, १० जानेवारी. मुखेड.

शिवकांताकडे आले. लेकीच्या गावात बाया मिळतील, दोन महिने आपल्याकडं ठेवून घेऊ, कोपीत राहतील, असं मनात. इकडं कोरडवाहू, काम नाही, म्हणजे माणूस असणार.

माणूस नाही. अर्ध्या गावाला कुलूप. ऊसतोडीला, काही आंध्रात मिरची तोडायला. शिवकांता म्हणते, "आये, तुझ्याच विहिनीच्या रानात तूर उभी वाळली." जावई भले. दोन दिवस रहा म्हणाले. तोडायला मी येतो पण म्हणाले, त्यांना सुट्टी कुठली.

शिवकांताच्या घरी तिची लहानपणची पाटी अजून आहे. हिच्यावरच मी अक्षरं शिकले, ती शाळेतून आली की तिच्या मागून गिरवायचे. हे बघून हसायचे, आणि वाण्याच्या पुडीचे कागद माझ्यासाठी राखून ठेवायचे.

उद्या परत.

रविवार, ११ जानेवारी

फाट्यावर उतरून रानातून आले. आपल्या विहिरीवर बाभळीची काटी, नुसत्या काटेरी फांद्या. पायऱ्यांच्या तोंडावर रचलेली, दगड ठेवून.

गावच्या आडाला पाणी नाही, टँकर येतो तेव्हा येतो. काशीबाईच्या टोळीतल्या बाया संध्याकाळी कामावरून येऊन आपल्या विहिरीवर घागरी भरतात. यांच्या वेळेपासूनची रीत आहे. कुणाला विचारायचं नसतं.

भावजींचं काम. त्यांच्या घरी गेले. म्हणाले, "पाणी पाहिजे तर तोडायला येत्याल. दोन दिस थांबा, बगा कशा येत्यात."

परत फिरले. खरं लिहायचं तर रानात परत येईपर्यंत मनात आलं, खरंच येतील का. पायऱ्यांशी उभी राहिले. एक रिकामी घागर काटीच्या अलीकडं तशीच ठेवून कुणी तरी गेली होती. तळाला चीर, लाखेनं बुजवलेली. टोळीतल्या शेवंताची घागर ती.

काटी ओढून काढली. हात ओरबाडले. बाभळीची काटी लावायला सोपी.

सोमवार, १२ जानेवारी

बाया सकाळीच पाण्याला आल्या. आज त्यांना सुट्टी. सोमवारी वडगावचा बाजार म्हणून रस्त्याचं काम बंद असतं. काटी बाजूला पडलेली त्यांनी पाहिली, माझे हात पण. शेवंता घागर भरून निमूट गेली. ती बोलते कमीच.

काशीबाई मागं राहिली. म्हणाली, "ही काटी तुमची न्हवं, कळलं आमाला."

मी म्हटलं, सोमवारी सुट्टी असते, मग सोमवारी या की तोडायला. ऊन आल्यावर या, दव वाळल्यावर.

"सोमवार एकच हाय, आक्का. दळण, धुणं, बाजार. वडगावला जाऊन यायचं म्हंजी दीस गेला. बाजार न्हाई केला तर आठ दिस चूल कशी पेटायची?"

गिरजा घागर उचलता उचलता, "आमचा बाजार करायला बाई ठिवा एक. मग येतो तोडायला." आणि हसली. "तुमीच जा की, आक्का. थैल्या देतो आमच्या."

सगळ्या हसल्या.

मी म्हटलं, "द्या."

हसणं थांबलं. काशीबाईनं माझ्या कपाळाकडं, विभूतीकडं पाहिलं. म्हणाली, "थट्टा करायली ती."

म्हटलं, मी नाही करत.

रविवार, १८ जानेवारी

थैल्या आल्या. संध्याकाळी एकेक बाई येऊन मागल्या दाराशी ठेवून गेली. खताच्या पोत्याच्या, जुन्या लुगड्याच्या, एक शाळेच्या दप्तराची. प्रत्येकीनं काय आणायचं ते तोंडी सांगितलं. पैसे फडक्यात बांधून जिच्या तिच्या थैलीत.

गिरजा शेवटी आली. मीठ, गोडं तेल, काडेपेटी सांगितलं. मग माझ्याकडं बघत, "आन् बोंबील."

काशीबाई तिच्यावर ओरडली, "अगं ए, लिंगायताच्या बाईला..."

"मग? मला पायजे ते आणणार म्हणाल्या की."

आणते म्हटलं. तेव्हापासून आपल्याला जमेल का, हाच विचार.

सोमवार, १९ जानेवारी

मागल्या दारानंच गेले. भावजींचं घर पुढच्या गल्लीत. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही ही आमच्या घरची रीत, म्हणून गाडी नाही. फाट्यापर्यंत चालत, मग एस.टी. जाताना रानात पाहिलं. आल्या होत्या. सगळ्या. पाट्या घेऊन ओळीत वाकलेल्या.

बाजारात आधी बाकीचं घेतलं. बोंबलाचा बाजार कडेला, ओढ्याजवळ. दोनदा पुढं गेले, दोनदा मागं आले. गळ्यातलं लिंग चोळीच्या आत सरकवलं. विकणारी बाई म्हातारी, एक दात सोन्याचा.

"काय पायजे, आक्का? कपाळाला इबूत आन् पाय इकडं?"

दुसऱ्यांचं आहे म्हटलं.

"सगळ्या असंच म्हणत्यात." मग बघून घेतलं मला आणि हसायची थांबली. चांगला कुठला, तीच सांगू लागली. वाकवला तर कडकन मोडला पाहिजे. नुसता वाकला तर ओल धरलीय, घेऊ नका. मी एक मोडून बघितला. कडकन मोडला. अंगावर काटा आला, पण म्हटलं हे तर शेंगेसारखंच.

एस.टी.त ती थैली पायांपाशी ठेवली. शेजारच्या बाईनं माझ्याकडं पाहिलं, थैलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि सरकून बसली.

परत आले तो पोती भरून, तोंडं शिवून तयार. हिरवीगार, कोरडी. गिरजानं थैलीत हात घालून एक बोंबील मोडून पाहिला. "आक्का, ह्ये तर काशीमावशीलाबी निवडता येत न्हाई!"

घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली. लिंगपूजा केली. मिठाच्या पुडीचा कागद वाचला. कुठल्याशा कथेचा मधला तुकडा, आधीचं नाही, नंतरचं नाही.

मंगळवार, २० जानेवारी

लातुरात मिरची चांगली गेली. अडत्या म्हणाला, ही खरी तुमची मिरची.

येईपर्यंत भावजींना कळलं होतं. एस.टी.त गावचं कुणी असणारच. ओसरीवर बसून होते.

"वैनी, आपल्या घरची बाई बाजारात बोंबील मोडून बगायली म्हणं."

"हाव."

"रोजगारी बायांच्या थैल्या उचलून?"

"त्यांनी माझ्या पाट्या उचलल्या."

मग, "दादा असते तर?"

हे असते तर हा प्रश्नच आला नसता. कदाचित हसले असते. कदाचित नसते. माणूस गेला की त्याच्या नावानं कुणीही काही बोलतं, आणि तो येऊन खरं खोटं करत नाही.

भावजी उठले. म्हणाले, पाडव्याला अजून अवकाश आहे, असं किती सोमवार चालतंय बघू.

सोमवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडा. बाजार रोजच्यासारखा. दुसरा तोडा. बाया सगळ्या आल्या.

ह्या वेळी बाजारात जीव घाबरला नाही. बोंबीलवाली लांबूनच "या" म्हणाली.

शेवंताला दाताला लावायच्या तंबाखूच्या मिसरीचा डबा पाहिजे होता. तिची पोरगी परवा विहिरीवर आली होती, पाय नुसत्या काड्या. मिसरी घ्यायला हात पुढं होईना. तेवढ्या पैशात गूळ आणि शेंगदाणे आले, ते घेतले. गिरजाला पावडरचा डबा पाहिजे होता. तिच्या हातांना खडीनं भेगा, मी खोबरेल तेल घेतलं.

बरं वाटलं येताना. आपण त्यांचं काही तरी केलं असं.

शेवंतानं थैली उघडून पाहिली. गुळाची पुडी हातात धरली, परत आत ठेवली. थैली उचलून तशीच गेली. दमली असेल.

बुधवार, २८ जानेवारी

काशीबाई पाण्याला आली. घागर भरली तरी उचलेना.

"आक्का, एक इचारू? परवा तुमी आमचा बाजार केला का आमचा कारभार केला?"

मला आधी कळलंच नाही.

"शेवंताचा नवरा लातुरातनं महिना महिना येत न्हाई. दिसभर खडी फोडून ती एक मिसरी लावती. पोरीला गूळ कवा द्यायचा, तिला कळत न्हाई व्हय? तुमाला पायाच्या काड्या दिसल्या, तिला रोज दिसत्यात."

मी म्हटलं, चांगल्यासाठीच...

"हाव. मुकादमबी चांगल्यासाठीच सांगतो सगळं."

घागर उचलून गेली.

इतकी वर्षं घरात वाढायचं मीच ठरवलं. कुणाला किती भाकरी, कुणाला ताक, कुणाला दूध. थैल्या खांद्यावर घेतल्या, पण ठरवणं तसंच राहिलं हातात. बोंबील मोडायला इतकं जड गेलं, आणि हे किती सहज केलं.

सोमवार, २ फेब्रुवारी

थैल्या दोनच आल्या. काशीबाईची आणि तिच्या जावेची. तोडायला पण दोघीच. थोडे वाफे झाले, एक निम्मा राहिला, बाकीचे शिवलेच नाहीत.

बांधाकडच्या ओळींत मिरची लाल व्हायला लागली. लाल वाळवून विकता येते, पण झाडावर लाल झाली की झाड म्हातारं होतं, नवीन फूल धरत नाही. म्हणजे इथं थांबलं तर थांबलंच.

भावजी बैल घेऊन बांधावरून गेले. थांबले नाहीत. बघितलं मात्र, लाल.

बुधवार, ४ फेब्रुवारी

मिसरीचा डबा आणि पावडर घेऊन रस्त्यावर गेले. माझ्या पदरचं. सगळ्यांच्या समोर द्यायचं ठरवून गेले, कारण चुकले ते पण सगळ्यांच्याच समोर.

शेवंता मान वर करेना. डबा तिच्या ढिगाजवळ ठेवला. म्हटलं, माझं चुकलं. तू सांगशील तेच आणायचं होतं.

ती हातोडी मारत राहिली.

गिरजानं पावडर उघडून तिथंच तोंडाला फासली. "आता पावडर लावून खडी फोडती. मुकादमाला साहेबीण दिसल."

बाया हसल्या. शेवंता पण ओठात. मग तिनं डबा उघडला, बोटावर मिसरी घेतली, दाताला लावली, आणि डबा माझ्यापुढं धरला. "घ्या, आक्का. लावून बगा. मग कळंल."

सगळ्या बघायला लागल्या. लावली. थोड्या वेळानं सगळं शिवार फिरलं. दगडावर बसले. काशीबाईनं पाणी दिलं, "गिळू नका, थुंका, थुंका!" हसून हसून एकीला ठसका लागला. गिरजा म्हणाली, "ही घ्या हातोडी, चालवा, उतरतं." चालवली थोडी. दगड फुटत नाही, उडतो.

निघताना शेवंताला विचारलं, सोमवारी?

"बगू."

सोमवार, ९ फेब्रुवारी

थैल्या आल्या, शेवंताची सोडून. सांगितलं तेच आणलं. एकीनं चहाची पत्ती सांगितली होती, स्वस्तातली. चांगली शेजारीच होती. हात गेला होता तिकडं, मागं घेतला.

लाल झालेली वेगळी तोडून घेतली. झाडांना बरं वाटेल.

गुरुवार, २६ फेब्रुवारी. शिवरात्र.

उपास. समाधीवर बेल वाहिला. बेल पण पिवळा पडलाय.

आमचे जंगम स्वामी भिक्षेला आले. गावात बोलणं झालंय ते त्यांच्या कानावर असणारच. भावजी ओसरीवर मुद्दाम येऊन बसले होते. स्वामी दारात थांबले, झोळी पुढं केली. मी पीठ घातलं. त्यांनी नेहमीसारखा अंगारा दिला आणि पुढच्या घरी गेले. एवढंच.

भावजी पण उठून गेले.

तोडा चालू आहे. शेवंता पाण्याला येते, रानात येत नाही. घागर भरताना आता "आक्का" म्हणते.

सोमवार, १६ मार्च

विहीर खाली चाललीय. मोटार थोडा वेळ चालते, मग हवा ओढते. प्यायचं पाणी आधी, मिरचीला उरलं तर. पानं दुपारी माना टाकतात, संध्याकाळी उचलतात.

बाजारातून परत येताना रस्त्याचं काम पाहिलं. लांब गेलंय आता, शिव ओलांडून पलीकडच्या गावात.

आज भावजींनी ठेचा मागून नेला, ताज्या मिरचीचा. म्हणाले, "चव तीच हाय." मग दारातच वळून, "पाडव्याला तो माणूस येणार हाय. मी सांगून ठिवलंय त्याला."

म्हटलं, तोडा तर अडला नाही.

"मधी अडला होता. लाल झाली होती, मी बगितली."

एका सोमवारचं. पण अडला होता हे खरं.

शनिवार, २८ मार्च

काशीबाई सांगून गेली. काम पलीकडच्या गावात गेलं, तिथला बाजार गुरुवारचा, तर मुकादम आता सुट्टी गुरुवारी देणार. पाडव्याच्या आठवड्यापासूनच. सोमवारी पाडवा म्हणून काम बंद, पण सणाच्या दिवशी कुणी रानात येणार नाही.

म्हणजे संपलं म्हटलं.

"का संपलं? आमचा बाजार वडगावचाच. तिकडं तेल महाग. तुमी सोमवारी बाजार करा. आमी गुरुवारी तोडू."

आजवर तोडा आणि बाजार एकाच दिवशी. संध्याकाळी त्या पोती दाखवायच्या नि मी थैल्या द्यायची. आता बाजार आधी, तोडा नंतर. मधले दिवस नुसता शब्द. आणि भावजींना उत्तर सोमवारी पाहिजे, मिरची झाडावर असताना.

काशीबाईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमी बगा." रागानं नाही. तिच्याकडं दुसरं काय आहे द्यायला.

रविवार, २९ मार्च

संध्याकाळी थैल्या आल्या. मागल्या दाराशी.

अंधार पडताना शेवंता आली. तिची थैली जुन्या लुगड्याची, काठाला हिरवा दोरा. ठेवली. "मिसरी. आन् गूळ, पावशेर."

बघतच राहिले मी. ती म्हणाली, "गूळ मीच सांगायले, बरं का."

गुरुवारी येशील का, ते विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

सोमवार, ३० मार्च. पाडवा.

गुढी उभी केली. कडुनिंबाला पालवी आहे, एवढ्या दुष्काळात कुठून आणतो कोण जाणे. सकाळी समाधीवर जाऊन आले. मिरचीला फूल आहे. नवीन. मोजकंच.

भावजी आणि तो किल्लारीकडचा माणूस ओसरीवर बसलेत. माणूस बोलायला बरा. बोअर कुठं मारायचं, ते भावजींना हातानं दाखवत होता. चहा दिला. भावजी म्हणाले, "बसा वैनी, बोलून घेऊ. बाया कुठं हायत? आज सोमवार."

म्हटलं, आज सण. तोडा गुरुवारी.

"कोण म्हणालं?"

"काशीबाई."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. तो माणूस हसला नाही, पण कप खाली ठेवला.

चूळ भरून येते सांगून आत आले आणि हे लिहितेय. वडगावची नऊची गाडी फाट्यावर येईल. खुंटीवर थैल्या आहेत, सगळ्या. भावजींनी एकदा हाक मारली. गुरुवारी रानात कोण उभं राहील, ते आज कुणालाच ठाऊक नाही, मला तर नाहीच. भावजी आज उठून हो म्हणतील त्या माणसाला, म्हणू शकतात. किंवा चार दिवस थांबतील.

शेवंताची थैली वरती घेतली, हिरवा दोरा दिसेल अशी.

एवढे दिवस मागल्या दारानं गेले. आज थैल्या खांद्यावर घेऊन ओसरीतूनच जाते.